केसांच्या आतल्या थराला रंग देताय? या चुका टाळा

वरचे केस काळेच ठेवायचे आणि आतल्या थराला जांभळा, वाइन किंवा मोरपंखी रंग द्यायचा. सलूनमध्ये याला पीकाबू म्हणतात. सोमवार ते शुक्रवार केस मोकळे सोडले की कुणाला पत्ता लागत नाही, शनिवारी पोनी वर बांधली की रंग दिसतो. त्यामुळे अनेकींना वाटतं, थोडं बिघडलं तरी वरच्या केसांखाली झाकलं जाईल. पण हा थर डोक्यावरच्या सगळ्यात अडचणीच्या जागी असतो. मानेवरचा घाम तिथेच मुरतो, कॉलर आणि ओढणी तिथेच घासते, आणि न्हाल्यावर तोच भाग सगळ्यात शेवटी वाळतो. शिवाय तो आपला आपल्याला दिसत नाही.

मोकळ्या केसांवर भाग ठरवणं

आरशासमोर मोकळ्या केसांत जो थर छान लपलेला दिसतो, तोच अंबाड्यात उघडा पडतो. म्हणून भाग पाडण्याआधी तुम्ही एरवी केस जसे बांधता तसे सगळे प्रकार करून बघा: क्लचर, उंच पोनी, मानेवरचा अंबाडा, वेणी, कानामागे खोचलेले केस. टेल-कोंबाच्या (टोकदार दांड्याच्या कंगव्याच्या) टोकाने एका कानाच्या वरच्या कडेपासून दुसऱ्या कानापर्यंत आडवी रेघ काढा, वरचे केस क्लिपने बांधा आणि प्रत्येक प्रकारात मागून फोटो काढून घ्या. रेघ जितकी खाली, तितका रंग सुरक्षित. ऑफिसात अजिबात दिसायला नको असेल तर कानाच्या मध्यापेक्षा वर जाऊ नका.

दुसरी गोष्ट फार कमी जण सांभाळतात. मानेवरची अगदी कडेची लव आणि कानासमोरच्या बटा रंगवायच्या नाहीत. कडेने साधारण 1 सेंटीमीटरची पट्टी काळीच सोडा. गणपतीत किंवा लग्नात अंबाडा घातला की मागून फक्त ती काळी कड दिसते, रंग आत राहतो. लव नाजूक असते, ब्लीचने ती आधी तुटते आणि तिथल्या त्वचेवर रंगाचे डागही पडतात.

केस विरळ असतील तर पूर्ण थराचा हट्ट सोडा. वरचं काळं आच्छादन पातळ पडलं की लोकलच्या दारातल्या वाऱ्यातच सगळं उघडं पडतं. त्यापेक्षा मानेजवळ बोटभर रुंदीच्या तीन-चार बटा रंगवलेल्या जास्त शोभतात आणि नुकसानही कमी होतं. वेणी घालणाऱ्यांनी मात्र मनाची तयारी ठेवावी: आतला थर वेणीच्या पेडांत येतोच, तो लपत नाही.

मेंदी लावल्याचं न सांगणं

सलूनमध्ये किंवा घरी, ब्लीचआधीचा पहिला प्रश्न हाच असायला हवा: गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावलं? केस महिन्याला साधारण 1 ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. म्हणजे खांद्याखाली गेलेल्या केसांच्या टोकाला दोन-तीन वर्षांपूर्वीची मेंदी आजही बसलेली असते. शुद्ध मेंदीचे केस ब्लीचने हट्टी नारिंगी होतात. मेंदीवर नीळ (इंडिगो पावडर) लावलेली असेल तर ब्लीचनंतर हिरवट छटा निघू शकते. काही तयार पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात, आणि ब्लीचमधलं पेरॉक्साइड लागताच ते तापतात, कधीकधी केस जाळूनच टाकतात.

यावर खात्रीचा उपाय आहे. मानेजवळून काडीएवढी बट कापून घ्या, दोऱ्याने बांधा, काचेच्या वाटीत कालवलेल्या ब्लीचमध्ये बुडवा. मिश्रण गरम झालं, फसफसलं, वाफ आली किंवा बट विचित्र रंगाची झाली तर तिथेच थांबा. काही झालं नाही तर तीच बट सांगते की तुमचे केस किती वेळात कुठल्या छटेपर्यंत उघडतात, म्हणजे उजळतात. बट धुऊन ओली असताना हलकेच ओढा. रबरासारखी ताणली जाऊन परत आखडली नाही, तर तुमच्या केसांना हे ब्लीच झेपणार नाही.

रीबॉन्डिंग केलेल्या, म्हणजे रसायनाने सरळ केलेल्या, केसांवर ब्लीच नकोच. केराटिन किंवा स्मूदनिंग (केस गुळगुळीत करणारे सलूनचे उपचार) करायचं असेल तर ते आधी, रंग निदान दोन आठवडे नंतर. उलट्या क्रमाने केलं तर इस्त्रीच्या उष्णतेने महागडा रंग एका बैठकीत फिका पडतो.

अॅलर्जीची चाचणीही टाळू नका. कानामागे किंवा कोपराच्या आत रंगाचा ठिपका लावा आणि 48 तास वाट बघा. पूर्वी काळ्या मेंदीने खाज आली असेल तर पीपीडी (गडद केसरंगांत वापरलं जाणारं रसायन) असलेले रंग तुमच्यासाठी नाहीत.

डबीवरचा रंग बघून निवडणं

डबीवरची छटा पांढरट केसांवर दिसते, आपले केस काळे ते गडद तपकिरी. सलूनच्या 1 (काळा) ते 10 (सगळ्यात फिका) या मोजणीत ते साधारण 1 ते 3 मध्ये येतात. ब्लीच लागल्यावर ते आधी तांबडे, मग नारिंगी, मग पिवळे, शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे होतात. कुठल्या पायरीवर थांबता, त्यावर रंग ठरतो.

वाइन, बरगंडी, गडद जांभळा हे 5-6 वर, म्हणजे तांबूस-नारिंगीवरही छान बसतात. मोरपंखी आणि निळ्याला किमान 8 लागतो. पिवळ्यावर निळा टाकला की हिरवट दिसतो, हे चित्रकलेच्या तासाला शिकलेलं गणित इथेही चालतं. बेबी पिंक, लॅव्हेंडर यांना 9-10 लागतो. तिथवर काळे केस नेणं म्हणजे दोन किंवा अधिक बैठका, आणि मग तो रंग मोजक्या धुण्यांतच जातो. मुंबईत पहिल्यांदाच करणार असाल तर आमचा कौल वाइनला किंवा गडद जांभळ्याला. ब्लीच कमी लागतं आणि मुळं वाढली तरी सीमारेषा बोचत नाही.

रंग लावल्यावर कसा दिसेल याइतकंच तो उतरताना कसा दिसेल हेही विचारा. लाल सगळ्यात लवकर उतरतो आणि सगळ्यात जास्त सांडतो. निळा हिरवटपणाकडे झुकतो, आणि निळा-हिरवा नंतर काढायला सगळ्यात अवघड. त्यांच्यावर पुन्हा ब्लीच केलं तर रंग कधीकधी आणखी घट्ट बसतो.

ब्लीच करताना घाई

क्रॉफर्ड मार्केटच्या गल्ल्यांत ब्लीच पावडर आणि डेव्हलपर (ती कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण) स्वस्त मिळतात, पण सुटी बाटली घेऊ नका. उघड्या बाटलीतलं पेरॉक्साइड हळूहळू निष्प्रभ होतं, मग केस उघडत नाहीत आणि दोष पावडरीला दिला जातो. सीलबंद आणि तारीख असलेलंच घ्या. घरी 20 व्हॉल्यूम, म्हणजे 6 टक्के, पुरे. मानेजवळच्या टाळूवर 30 किंवा 40 व्हॉल्यूम लावणं म्हणजे जळजळीला आमंत्रण. एक भाग पावडरीला साधारण दोन भाग डेव्हलपर. खांद्याखालच्या मध्यम दाट केसांच्या आतल्या थरासाठी 30 ग्रॅम पावडर आणि 60 मिली डेव्हलपर कालवून सुरुवात करा. भांडं प्लास्टिकचं किंवा काचेचं, स्टीलची वाटी नको.

सगळ्यात जास्त फसणारी गोष्ट मुळांची. टाळूच्या उबेमुळे मुळाजवळचा एक-दीड सेंटीमीटर भाग बाकीच्यापेक्षा लवकर उघडतो. सुरुवातीलाच मुळापासून ब्लीच लावलं की मुळं पिवळी आणि टोकं नारिंगी. म्हणून आधी मधली लांबी आणि टोकं, मुळं शेवटी. बटा पातळ घ्या, पलीकडचं बोट दिसेल इतक्या, नाहीतर आतले केस कोरडे राहून डाग-डाग दिसतात. बट ज्यात गुंडाळता त्या फॉइलमध्ये ब्लीच वाळलं की त्याचं काम थांबतं, तेव्हा भरपूर लावा आणि फॉइल नीट मिटा. दर 10 मिनिटांनी एक फॉइल उघडून बघा. पाकिटावर दिलेल्या कमाल वेळेपुढे एक मिनिटही जाऊ नका. वन बीएचकेच्या छोट्या बाथरूममध्ये दार लावून हे करू नका. खिडकी उघडी आणि पंखा चालू ठेवा.

केस हव्या त्या पायरीला आले नाहीत तर त्याच दिवशी पुन्हा ब्लीच नको. दोन-तीन आठवडे थांबा. आणि नारिंगीवर जांभळा शाम्पू घासत बसू नका. जांभळा पिवळ्याला मारतो, नारिंगीला निळी छटा लागते. टोनर केस उजळवत नाही, फक्त छटा बदलतो. त्याहून सोपी वाट म्हणजे नारिंगीवर तांबूस किंवा वाइन रंग टाकून मोकळं होणं.

रंग बसल्यावरचे घोटाळे

पहिले काही दिवस रंग सांडणारच. सेमी-परमनंट रंग केसाच्या आत फारसा शिरत नाही, पाणी किंवा घाम लागला की सुटतो. ऑक्टोबरच्या उकाड्यात पांढऱ्या शर्टची कॉलर आतून गुलाबी होते ती अशी. गर्दीच्या लोकलने प्रवास असेल तर पहिला आठवडा गडद कपडे घाला, उशीवर जुना टॉवेल टाका. ओला गजरा ताज्या रंगावर माळू नका, पाणी निथळून रंग ब्लाउजच्या पाठीवर उतरतो.

केस आठवड्यातून दोनदा, सल्फेट नसलेल्या शाम्पूने, थंड किंवा कोमट पाण्याने धुवा. महापालिकेचं पाणी तलावांचं असतं, पण अनेक सोसायट्यांत उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळतं. बादलीच्या कडेला पांढरा थर धरत असेल तर पाणी जड आहे. त्याने ब्लीच केलेले केस खरखरीत होतात आणि फिके रंग मळकट दिसतात. शेवटचं धुणं तरी पिण्याच्या पाण्याच्या तांब्याने घ्या.

न्हाल्यावर लगेच अंबाडा ही सर्वात महाग पडणारी सवय. आतला थर तासन्‌तास ओला राहतो, रंग सुटतो, वास येतो, पावसाळ्यात टाळूला खाजही सुटते. वरचे केस क्लिपने उचला, मानेजवळ ड्रायरची थंड हवा पाच मिनिटं द्या, मग बाहेर पडा. हेल्मेट घालणाऱ्यांनी तर हे न चुकता करावं.

रविवारचं कोमट तेल बंद करायची गरज नाही, पण रात्रभर ठेवू नका. तेलाने सेमी-परमनंट रंग सैल होतो. रंगीत थर वगळून टाळूला तेल लावा आणि तासाभरात धुवा. पोहायला जात असाल तर तलावात उतरण्याआधी केस साध्या पाण्याने भिजवून थोडं कंडिशनर लावा. आधीच भिजलेले केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतात. इस्त्री 180 अंशांखालीच ठेवा.

रंग ताजा ठेवायला दर वेळी सलून नको. पांढऱ्या कंडिशनरचे तीन-चार चमचे, त्यात सेमी-परमनंट रंगाचा एक चमचा, हातमोजे घालून फक्त रंगीत थराला, 15 मिनिटं. पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. वरच्या केसांत हायलाइट्स असतील तर ते प्लास्टिकने झाका, नाहीतर त्यांवरही रंग चढतो.

कंटाळा आला की थेट काळा

ब्लीच झालेल्या थरावर काळ्या रंगाचं पाकीट ओतलं तर तो चिखलासारखा किंवा हिरवट दिसतो आणि काही धुण्यांत निघून जातो, कारण ब्लीचने केसातली तांबूस छटा काढून टाकलेली असते. आधी तांबूस-तपकिरी सेमी-परमनंट रंगाने ती परत भरा, धुऊन वाळवा, मग गडद तपकिरी लावा. निव्वळ काळा नको: पुढे कधी विचार बदलला तर तो उतरवताना केसांचं जे होतं ते वरच्या केसांनी झाकण्यासारखं नसतं. फार घाई नसेल तर न रंगवता दर दोन महिन्यांनी टोकं कापत वाढू द्या. आतला थर असल्याने हे अर्धवट रूप अंबाडा, पोनी किंवा वेणीखेरीज कुठे दिसत नाही.