पेजमेकरवाला जुना पीसी बदलण्याआधी

मुहूर्त आधी ठरवा, मशीन नंतर घ्या. पुण्याच्या पेठेतल्या डीटीपीवाल्याला, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवणाऱ्याला, सगळ्यात सोयीचा काळ म्हणजे आषाढ. लग्नपत्रिका आटोपलेल्या असतात, गणपतीच्या वर्गणीची पावतीपुस्तकं अजून यायची असतात, आणि दिवाळी अंकांचे संपादक तेव्हा लेखकांच्या मागे असतात, आपल्या नाही. अंकाचे फॉर्म छपाईला जायच्या आठवड्यात ज्यानं पीसी बदलला, त्याची कीव करायलाही कुणाला वेळ नसतो.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, त्यामुळे आज ना उद्या ११ वर जायचंच आहे. पण आपल्यापैकी बऱ्याच जणांची खरी अडचण विंडोज १० नाहीच. कोपऱ्यातल्या विंडोज एक्सपी किंवा सेव्हनवर पेजमेकर हे पानं लावायचं ॲडोबीचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, शेजारी कोरल ड्रॉची कुठली तरी जुनी आवृत्ती, मराठी टायपिंग आणि फॉन्टसाठी सी-डॅकचं आयएसएम नाहीतर मॉड्युलरची श्रीलिपी, आणि हिशेबाला कुणीतरी कधीकाळी फॉक्सप्रोमध्ये लिहून दिलेला बिलिंगचा प्रोग्राम. हे सगळं उचलून नव्या मशीनवर ठेवायचं आहे. माझं म्हणणं एवढंच, की या कामाची नव्वद टक्के तयारी जुन्या मशीनवर, ते चालू असतानाच होते. ते बंद पडलं की उरतं ते नुसतं इंजिनिअरचं बिल.

म्हणून पहिल्यांदा जुन्या मशीनची पाठ स्वतःकडे वळवा. प्रिंटरच्या पंचवीस पिनांच्या पोर्टमध्ये काडेपेटीएवढं काही खोचलेलं आहे का, आणि त्याच्या पाठीत प्रिंटरची केबल, ते बघा. तो लॉक, म्हणजे सॉफ्टवेअरसोबत कंपनीनं दिलेली किल्ली. तो नसेल तर सॉफ्टवेअर एकतर उघडत नाही किंवा डेमो म्हणून उघडतं. नव्या मशीनला हे पोर्टच नसतं, आणि तपकीर गल्लीत मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल बहुतेक वेळा प्रिंटर चालवते, लॉक नाही. दुकानदार ‘चालेल की’ म्हणेल. परत घेणार असाल तरच नेतो, असं सांगून घ्या. टॉवर कॅबिनेट असेल तर पॅरलल पोर्टचं कार्ड बसवता येतं आणि त्यावर काही लॉक चालतात, पण लॅपटॉपला तो मार्गही नाही. यूएसबीचा लॉक असेल तर काम सोपं, फक्त विंडोजला तो ओळखता यावा म्हणून त्याचा ६४ बिटचा, कंपनीची डिजिटल सही असलेला ड्रायव्हर लागतो. जुन्या सीडीतला ड्रायव्हर विंडोज ११ घेणार नाही, आणि सुरक्षेच्या सेटिंगमधलं मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्याची राखण करणारी सोय) चालू असेल तर मागच्या पिढीचे काही सही केलेले ड्रायव्हरही अडतात. ते सेटिंग बंद करून काम भागवायला सांगणारे भेटतात. तसं करू नका, लॉक बनवणाऱ्या कंपनीचा नवा ड्रायव्हर शोधा. आयएसएम आणि श्रीलिपी दोन्ही पुण्याचीच. लॉक बदलून मिळतो का, नव्या आवृत्तीला किती पडतील, हे एका फोनवर कळतं. आठवडाभर इकडेतिकडे खटपट करण्यापेक्षा तो फोन आधी करा.

मग प्रोग्राम किती बिटचे, म्हणजे कुठल्या पिढीच्या विंडोजसाठी लिहिलेले आहेत ते तपासा. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं. त्यावर ३२ बिटचे प्रोग्राम चालतात, १६ बिटचे अजिबात नाहीत; कंपॅटिबिलिटी मोडमध्ये (जुन्या विंडोजचं सोंग घ्यायच्या सोयीत) विंडोज ९५ निवडलं तरी नाहीत. जुन्या एक्सपीवर प्रोग्राम चालू करून टास्क मॅनेजरच्या प्रोसेसच्या यादीत बघा. तिथे एनटीव्हीडीएम नावाची ओळ असेल आणि तिच्याखाली थोडं आत सरकून तुमच्या प्रोग्रामचं नाव असेल, तर तो १६ बिटचा. डॉसचा फॉक्सप्रोही इथेच सापडेल. यातली एक गंमत अशी की काही प्रोग्राम ३२ बिटचे असतात, पण नव्वदच्या दशकात त्यांना जोडलेला सेटअप मात्र १६ बिटचा. तिथे प्रोग्रामचा दोष नसतो, नुसता दरवाजा बंद असतो.

आता सीडी. पेजमेकर ७ आलं २००१ मध्ये, आणि तीच त्याची शेवटची आवृत्ती. तेव्हाच्या सीडीवर ओरखडे असतात, पाकिटावरचा सिरियल नंबर पुसट झालेला असतो. जुन्या मशीनला सीडी वाचता येते तोवर तिची आयएसओ फाइल, म्हणजे हुबेहूब प्रत, करून ठेवा, कारण नव्या कॅबिनेटला ड्राइव्हच नसतो. नंबर वहीत लिहा, पाकिटाचा फोटोही काढा. पेजमेकरला नुसता सिरियल नंबर पुरतो. त्यानंतरच्या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरला इंटरनेटवरून ॲक्टिव्हेशन लागतं, आणि क्रिएटिव्ह सूट २ चे ते सर्व्हर कंपनीनं केव्हाच बंद केले. त्यामुळे ‘आपल्याकडे ओरिजिनल आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. आणि ज्यांचं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलंय त्यांनी ते नव्या मशीनवर नेऊच नये. त्यासोबत आलेलं बाकीचं काय काय आहे, ते कुणालाच ठाऊक नसतं.

डेटा कॉपी करताना माय डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह घेतला की झालं, असं धरू नका. व्हिस्टापासून विंडोज जुन्या प्रोग्रामना प्रोग्राम फाइल्समध्ये लिहू देत नाही. प्रोग्रामला वाटतं तो स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहितोय, आणि विंडोज ती फाइल गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटामधल्या व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरमध्ये ठेवते. बिलिंगचा डेटा सेव्हनवर असेल तर चालू वर्षाची बिलं तिथेच बसलेली असू शकतात. लपलेली फोल्डर दाखवायचं सेटिंग चालू करून तिथे बघाच. पुढचा घोटाळा टाळायला नव्या मशीनवर असले प्रोग्राम प्रोग्राम फाइल्समध्ये न टाकता थेट सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरमध्ये टाका. कॉपी लावायची ती यूपीएसवर आणि गुरुवार सोडून. महावितरणची दुरुस्ती त्याच दिवशी निघते, हे पुण्यात कुणाला सांगायला नको.

फॉन्टकडे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण आपलं काम तिथेच अडतं. जुने मराठी फॉन्ट मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवतात. फॉन्ट नसेल तर पान उघडतं, पण दिसते इंग्रजी अक्षरांची भेळ. म्हणून फॉन्टचं फोल्डर संपूर्ण उचला, ‘लागतील तेवढे’ नाही. एकाच नावाच्या दोन आवृत्त्या असतील तर दोन्ही घ्या, वेगवेगळ्या फोल्डरमध्ये. विंडोजचा स्वतःचा मराठी कीबोर्ड युनिकोड (प्रत्येक भाषेच्या अक्षराला स्वतःची जागा देणारी पद्धत) टाइप करतो, आणि पेजमेकरला युनिकोड कळत नाही; तो कीबोर्ड वापरला की प्रश्नचिन्हं उमटतात. रीजनच्या सेटिंगमध्ये, युनिकोड नसलेल्या प्रोग्रामसाठीच्या भाषेच्या खिडकीत, जगभरच्या भाषांसाठी यूटीएफ-८ वापरा असं सांगणारा बीटा चौकोन आहे. तो रिकामा हवा. भाषा इंग्रजीच राहू द्या, मराठी निवडून जुन्या फॉन्टना काही फायदा होत नाही.

चाचणीसाठी एक पान बनवा आणि जुन्या मशीनवरून त्याचा प्रिंट काढून ठेवा. माझ्या पानावर असे शब्द असतात: निर्मिती, आर्द्र, पुनर्विवाह, सुऱ्या, शृंगार, ज्ञानेश्वर, दृष्टी, ट्रॅक्टर. शिवाय मराठी आणि इंग्रजी अंक, सगळी विरामचिन्हं, आणि तुम्ही पत्रिकेला वापरता ते गणपतीचे नि कलशाचे ब्लॉक. नव्या मशीनवर तेच पान काढा आणि दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरा. ओळी सरकल्या नाहीत, रफार योग्य डोक्यावर आहे, तरच पुढे जा. पावतीपुस्तकवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: रुपयाचं ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नाही, जुन्या फाइलमध्ये ते दिसत असेल तर बहुधा कुणीतरी चित्र म्हणून चिकटवलेलं आहे, आणि ते चित्र कुठल्या फोल्डरमधून जोडलंय ते शोधावं लागेल.

पीडीएफ कसा निघेल हेही त्याच दिवशी बघा, ऑफसेटवाल्याला फाइल द्यायच्या रात्री नाही. पेजमेकरमधून पोस्टस्क्रिप्ट (प्रिंटरला पानाचं वर्णन सांगणारी) फाइल काढून ती पीडीएफ करणाऱ्या डिस्टिलरमधून नेणं हा रस्ता लांबचा, पण भरवशाचा आहे. त्यासाठी नव्या मशीनवर पोस्टस्क्रिप्टचा एक प्रिंटर बसवून ठेवावा लागतो, प्रत्यक्षात तो प्रिंटर ऑफिसात नसला तरी. मदतीच्या जुन्या फाइल विंडोज १० आणि ११ वर उघडत नाहीत, तेव्हा कीबोर्डच्या शॉर्टकटचा तक्ता आत्ताच छापून घ्या. नव्या मोठ्या स्क्रीनवर पॅलेट मुंगीएवढी दिसली तर प्रोग्रामच्या आयकॉनच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत हाय डीपीआयचं सेटिंग आहे, तिथे सिस्टिम एनहान्स्ड निवडा.

एवढं करूनही पेजमेकर मध्येच बंद पडत असेल किंवा प्रोग्राम १६ बिटचाच निघाला, तर कंपॅटिबिलिटी मोडशी झटापट करत बसू नका. डॉसच्या प्रोग्रामला डॉसचं सोंग घेणारं डॉसबॉक्स, बाकीच्यांना व्हर्च्युअल मशीन, म्हणजे नव्या पीसीच्या आत चालणारा अख्खा जुना पीसी. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं. विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही होम आवृत्तीत नसतं, प्रो लागते, हे मशीन घेतानाच दुकानदाराला सांगा. आतल्या जुन्या विंडोजचं लायसन्स वेगळं बघावं लागतं. कॅबिनेटवर चिकटवलेल्या स्टिकरचं लायसन्स सहसा त्या कॅबिनेटपुरतंच असतं. आतल्या एक्सपीचं नेटवर्क कार्ड बंद ठेवा. तिची सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबली, तिला इंटरनेटची गरजही नाही. फाइलची देवाणघेवाण व्हर्च्युअलबॉक्सच्या शेअर्ड फोल्डरमधून करा. यूएसबीचा लॉक व्हर्च्युअलबॉक्समधल्या मशीनला जोडता येतो, पॅरललच्या लॉकचा भरवसा धरू नका. सगळं नीट चाललं की त्या क्षणी स्नॅपशॉट (त्या अवस्थेची जतन केलेली नोंद) घ्या, आणि व्हर्च्युअल मशीनचं पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर.

भोसरीतल्या ज्या वर्कशॉपवाल्यांचा जुना पीसी सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कटिंगच्या यंत्राला) प्रोग्राम पाठवतो, त्यांचं काम थोडं सोपं आहे. सिरियल पोर्टची यूएसबी केबल बहुधा चालते, फक्त कॉम पोर्टचा नंबर जुनाच ठेवा.

जुन्या फाइल युनिकोडमध्ये आणायच्या असतील तर सगळ्या एकदम आणू नका. दरवर्षी परत येणाऱ्या फाइल आधी घ्या: मंडळांच्या अहवालांचे नमुने, शाळांचे फॉर्म, ट्रस्टच्या पावत्या. कन्व्हर्टर फॉन्टनुसार वेगळा असतो आणि ऱ्हस्व वेलांटी नि रफार या दोन ठिकाणी हमखास चुकतो, कारण जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. म्हणून प्रूफ माणसानंच वाचायचं. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाची पत्रिका कोण परत मागणार आहे?

नवं मशीन एक पूर्ण महिनाअखेर आणि एक मोठं काम पार पाडेपर्यंत जुनं फॉर्मॅट करू नका. इंटरनेटची केबल काढा, मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला, नाहीतर तारीख मागे जाते आणि एखादं सॉफ्टवेअर लायसन्स संपलं म्हणून रुसतं. पंधरवड्यातून एकदा चालू करा. पुढे जुन्या बाजारात किंवा भंगारात द्यायचं ठरलं, तर हार्डडिस्क काढून घ्या आणि मगच कॅबिनेट द्या. तिच्यात गिऱ्हाइकांचे पत्ते, फोन नंबर आणि अख्खी बिलं आहेत.