फेनवे आणि रिग्ली: जुन्या मैदानात बेसबॉल कसा बघायचा

बोस्टनचं फेनवे पार्क १९१२ सालचं, शिकागोचं रिग्ली फील्ड १९१४ सालचं. मेजर लीग म्हणजे अमेरिकेतली अव्वल व्यावसायिक बेसबॉल स्पर्धा; तिच्यातली ही सर्वांत जुनी दोन मैदानं, आणि दोन्हीकडे आजही हंगामभर सामने होतात. जुनेपणा तिथे शोभेसाठी ठेवलेला नाही. भिंत, वेल, वारा हे सगळं चेंडूचं काय होणार ते ठरवतं. म्हणून जागा निवडताना आधी ते दिसेल का, हे बघा.

फेनवेची लेफ्ट फील्डची (बॅटरच्या डाव्या हाताच्या दूरच्या भागाची) हिरवी भिंत, म्हणजे 'ग्रीन मॉन्स्टर', ३७ फूट २ इंच उंच आहे आणि फाउल लाइनवर, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवर, होम प्लेटपासून (बॅटर उभा राहतो तिथून) अवघ्या ३१० फुटांवर. त्यामुळे गंमत उलटीसुलटी होते. इतर मैदानांवर सहज झेल जाईल असा उंच फटका इथे भिंतीवर आदळतो आणि बॅटर दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावताना क्रमाने गाठायच्या टप्प्यांपैकी दुसऱ्यावर, पोचतो. उलट, दुसरीकडे होम रन (थेट भिंतीपार जाणारा फटका) ठरला असता असा सपाट, सणसणीत फटका भिंतीवरून इतक्या वेगाने परत येतो की बॅटरला पहिल्या बेसवरच थांबावं लागतं. अशा वेळी चेंडूमागे नजर लावू नका, लेफ्ट फील्डरकडे बघा. कसलेला खेळाडू भिंतीकडे धावत नाही. पाठ फिरवून, उसळी कुठे येणार ते ताडून आधीच तिथे उभा असतो. हा खेळ नीट दिसतो तो पहिल्या बेसच्या बाजूने, कारण भिंत तिथून समोर येते.

मात्र या बाजूला दोन अडचणी आहेत. एक म्हणजे सूर्य. दोन्ही मैदानांवर मावळतीचं ऊन पहिल्या बेसच्या आणि राइट फील्डच्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येतं. तिसऱ्या बेसकडे सावली लवकर पोचते. टोपी हवीच. दुसरी अडचण खांबांची. वरचं छत खांबांवर उभं आहे, आणि खांबाच्या लगेच मागे बसलात तर पिचर (चेंडू टाकणारा) किंवा बॅटर, दोघांपैकी एक सामनाभर दिसत नाही. तिकिटावर 'ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू' (मधे अडथळा) असं लिहिलं असेल तर स्वस्ताईला भुलू नका. फेनवेला राइट फील्डकडच्या ग्रँडस्टँडमधल्या बऱ्याच खुर्च्यांचं तोंड होम प्लेटकडे नसून मैदानाच्या मध्याकडे आहे. तिथे नऊ इनिंग मान वळवून बसावं लागतं. लाकडी खुर्च्या अरुंद आहेत, गुडघ्यांना जागा कमी. मोठी बॅग नकोच.

रिग्लीला भिंत विटांची आणि तिच्यावर आयव्हीची वेल, १९३७ साली लावलेली. एप्रिलमध्ये गेलात तर नुसत्या तपकिरी काड्या दिसतील. हिरवीगार वेल हवी तर मे उलटू द्या. चेंडू पानांत अडकला की आउटफिल्डर (भिंतीजवळचा क्षेत्ररक्षक) दोन्ही हात वर करतो आणि अंपायर बॅटरला दोन बेस देतो. पण त्याने पानांत हात घालून चेंडू शोधायला सुरुवात केली, तर खेळ चालूच राहतो आणि धावणारे पुढे पळत सुटतात. हात वर गेले की नाहीत, तेवढंच बघायचं.

तिथे आत शिरल्यावर पहिली नजर झेंड्यांवर टाका. पूर्वेला लेक मिशिगन आहे. वारा तळ्याकडून आत येत असेल तर उंच फटके हवेतच मरतात. बाहेरच्या दिशेने वाहत असेल तर साधा फटकाही भिंतीपार जातो. तळ्याचा वारा एप्रिल-मेमध्ये चांगलाच झोंबतो, दुपारच्या सामन्यालाही जाकीट न्या. रिग्लीला १९८८ पर्यंत दिवेच नव्हते आणि अजूनही दुपारचे सामने बरेच असतात. निवड करता आली तर दुपारचाच घ्या, हे मैदान उन्हासाठीच बांधलेलं आहे.

दोन्हीकडे हाताने बदलायचा धावफलक आहे. फेनवेचा तर त्या हिरव्या भिंतीतच बसवलेला, माणसं आतून आकड्यांच्या पाट्या बदलतात. तुम्हीही कागदावर नोंद ठेवा, खेळ दुप्पट कळतो. प्रत्येक जागेवरच्या खेळाडूला ठरलेला आकडा असतो: पिचर १, कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला) ६, मग लेफ्ट, सेंटर, राइट फील्ड ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसकडे, तिथून पहिल्याकडे फेकून दोघांना बाद केलं की लिहायचं ६-४-३. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद; बॅट फिरवून तिसरा चुकला तर 'के', नुसता बघत राहिला तर उलटा 'के'. पेन्सिल आणा, खोडावं लागतंच. २०२३ पासून पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळेची मर्यादा घालणारं घड्याळ) आल्याने दोन चेंडूंमध्ये फारसा वेळ मिळत नाही, म्हणून नोंद लगेच करा. प्रेक्षकांसाठीची संरक्षक जाळी संपते त्यापुढे बसला असाल तर चेंडू सुटताना मान खाली नको. फाउल बॉल, म्हणजे रेषेबाहेर गेलेला फटका, क्षणात अंगावर येतो.

तिकिटाचे दर सामन्यागणिक बदलतात. यांकीज बोस्टनला किंवा कार्डिनल्स शिकागोला येतात (हे त्या-त्या शहराच्या संघांचे जुने प्रतिस्पर्धी) तेव्हा चढे, आठवड्याच्या मधल्या दिवशी उतरते. गाडी नेऊ नका. फेनवेसाठी बोस्टनच्या शहर रेल्वेच्या ग्रीन लाइनचं केनमोर स्टेशन. बी, सी, डी या गाड्या तिथे जातात, ई जात नाही, आणि नवखे नेमके तिथेच चुकतात. रिग्लीसाठी शिकागोच्या शहर रेल्वेच्या रेड लाइनचं ॲडिसन.

रिग्लीहून निघताना धावफलकाच्या वर बघा. तिथला घरचा संघ कब्ज जिंकला तर झेंड्यावर पांढऱ्यावर निळा 'डब्ल्यू' (विन), हरला तर निळ्यावर पांढरा 'एल' (लॉस). वरून जाणाऱ्या रेल्वेतल्या लोकांना निकाल कळावा म्हणून ही पद्धत पडली. ॲडिसनच्या फलाटावरून तो झेंडा आजही दिसतो.