कुंडीतली चिलटं: इलाज मातीचा करा

मनी प्लांटला पाणी घालताना मातीतून काळी चिलटं उडाली, की माती सतत ओली राहतेय हे ओळखा. अंडी वरच्या दोनेक इंचांतच असतात. तेवढा थर बोटाला कोरडा लागेपर्यंत पाणी बंद. खात्री हवी तर बटाट्याची चकती मातीवर दाबून ठेवा. दोन दिवसांनी उलटली की काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या चिकटलेल्या दिसतात. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि ३-४ थेंब लिक्विड साबण घुसळून मातीत ओता; दर ७ दिवसांनी, ४ वेळा. एकदाच ओतून थांबलात तर उरलेल्या अंड्यांतून नवी फौज येते. पिवळे चिकट सापळे फक्त उडणारी चिलटं पकडतात. आणि कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) विश्वास नको: वरून कोरडं, आत चिंब, पावसाळ्यात तर हमखास.