वसंतात जागी होणारी कुंड्यांची बाग: या चुका टाळा

फेब्रुवारीत पुण्याकडे दुपारी पारा ३२-३३ वर जातो आणि पहाटे १२-१३ पर्यंत उतरतो, आणि याच दिवसांत कढीपत्त्याच्या शेंड्याला पोपटी पालवी दिसायला लागते, जास्वंदीला नवे कोंब येतात, मोगरा जागा होतो. वर्षातला माझा सगळ्यात आवडता काळ. पण आपला वसंत फार छोटा असतो, होळी झाली की उन्हाळाच म्हणायचा. आणि बऱ्याच चुका इथूनच होतात, कारण लोक थंड देशातले व्हिडिओ बघून सगळं छाटतात, सगळ्यांना खत घालतात, कुंड्या बदलतात. त्यांच्याकडे पुढे लांबलचक सौम्य ऊन असतं, आपल्याकडे पुढे ४० डिग्री आहे, त्यामुळे इथलं वेळापत्रक वेगळं ठेवावं लागतं.

पहिली चूक म्हणजे जिवंत झाड मेलं समजून फेकून देणं. चाफा हिवाळ्यात पूर्ण बोडका होतो, नुसते राखाडी दांडे, आणि मग नर्सरीतून नवीन आणायची घाई होते. आधी फांदीचं टोक दाबून बघा. घट्ट लागलं तर काही झालेलं नाही. तरी शंका असेल तर नखाने साल जराशी खरवडा, आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक आला की निश्चिंत राहा. टोक मऊ लागत असेल आणि आत काळपट असेल तर मात्र ते कुजतंय, स्वच्छ भाग लागेपर्यंत कापा. आणि उठवायचं म्हणून बोडक्या चाफ्याला रोज पाणी घालू नका हो, पानंच नाहीत तर तो पाणी ओढणार कसा, मुळं सडतात. पानं फुटेपर्यंत माती पूर्ण सुकल्यावरच थोडं द्यायचं. अडेनियमचंही, म्हणजे जाड बुंध्याच्या वाळवंटी गुलाबाचंही, तसंच.

मोगऱ्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त तक्रारी याच्याच असतात. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यावर येतात, त्यामुळे जुनी काडी तशीच ठेवली की झाड नुसतं उंच होतं आणि फुलं चार येतात. छाटणी जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत करायची. आधी आठवडाभर पाणी कमी करा, मग साधारण एक तृतीयांश झाड छाटा, उरलेली जुनी पानं हाताने काढून टाका, वरची माती मोकळी करून त्यात दोन मुठी गांडूळखत मिसळा आणि मगच भरपूर पाणी द्या. पाच-सहा तास कडक ऊन हवंच हवं. मार्च उजाडला आणि कळ्या दिसायला लागल्यात तर मात्र आता कात्री लावू नका, पहिला बहर होऊन जाऊ द्या, नंतर प्रत्येक फांदीचा शेंडा दोन-दोन जोडी पानांसकट खुडत जा, म्हणजे परत फुटवे येतात. पाला गच्च आणि कळी एक नाही असं असेल तर बहुतेक वेळा ऊन कमी पडतंय किंवा युरियासारखं नत्राचं खत जास्त झालंय, ते थांबवा आणि कुंडी सरकवा.

गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये होते. आत्ता फक्त सुकलेली फुलं काढायची, बाकी हात लावायचा नाही.

पाण्याचं म्हणाल तर थंडीतलं माप तसंच चालू ठेवलं की झाड दुपारी माना टाकतं, आणि घाबरून दोन्ही वेळ पाणी घातलं की मुळं गुदमरतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी. दुपारी मान टाकलेलं झाड संध्याकाळी आपोआप ताठ झालं तर त्याला पाण्याची नाही, थोड्या सावलीची गरज होती. खत कधीही कोरड्या मातीत घालू नका, आधी पाणी मग खत. कुंडी बदलायची असेल तर फेब्रुवारीत उरका, संध्याकाळी बदला आणि चार-पाच दिवस झाड सावलीत ठेवा.

कोवळी पालवी आली की मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येणारच, जास्वंदीवर पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण पण. मुंग्यांची रांग वर चढताना दिसली की समजा कुठेतरी कीड बसलीये. लगेच जालीम औषध मारू नका. आधी पाण्याचा जोरदार फवारा, पिठ्या असेल तर ओल्या कापडाने पुसून काढा, मग लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन-चार थेंब लिक्विड सोप घालून ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा, आठवड्याने परत. एक विनंती, माव्यात फिरणारी काळी, नारिंगी ठिपक्यांची, बारीक मगरीसारखी दिसणारी अळी मारू नका. ती लेडीबगची पिल्लं, मावा खाऊन फस्त करतात. अंगणात आंबा मोहरलेला असेल तर पूर्ण फुललेल्या मोहरावर कीटकनाशक नकोच, मधमाशा आणि माश्या तिथे परागीकरण करत असतात.

साफसफाई करताना पण जरा बघून. याच दिवसांत सूर्यपक्षी घरटं करतो आणि ते दिसतं अगदी कचऱ्यासारखं, वाळकी पानं, कोळ्याची जाळी, सगळं एका काडीला लोंबकळतंय. हॅंगिंग बास्केटच्या खाली असं काही दिसलं तर ती कुंडी पिल्लं उडेपर्यंत हलवू नका, पाणी हळूच घाला.

वेलभाज्या म्हणजे काकडी, दुधी, दोडका, कारलं या आत्ताच लावायच्या. कारल्याचं बी रात्रभर भिजवा. सुरुवातीला फुलं येऊन गळतात तेव्हा लोक खतं घालत सुटतात, पण ती नर फुलं असतात, गळणारच. ज्या फुलामागे बोटभर छोटं फळ दिसतं ते मादी फूल. ते पिवळं पडून गळत असेल तर परागीकरण होत नाहीये. नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. काकडी-कारल्याला हे सकाळी करायचं, दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात म्हणून त्यांना दिवेलागणीला.