कोजागिरीला गच्चीवर जुन्या सिनेमा-गाण्यांच्या प्रश्नांचा खेळ कसा रंगवाल?

आमच्या सोसायटीत कोजागिरीला पूर्वी अंताक्षरी व्हायची. दरवर्षी तीच गाणी, तेच गाणारे, आणि 'ण' आला की तोच वाद. म्हणून चार वर्षांपूर्वी मी जुने सिनेमे, दूरदर्शन आणि रेडिओ यांवर प्रश्नमंजूषा घ्यायचं ठरवलं. नेटवरून चाळीस प्रश्न उचलले, छापून आणले. पहिलाच प्रश्न टाकला, 'पहिला भारतीय चित्रपट कोणता?' माझ्या कागदावर 'राजा हरिश्चंद्र' होतं. तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, 'पुंडलिक!' अर्धा तास वाद चालला, दुधावर साय धरली, उरलेले एकोणचाळीस प्रश्न मी पिशवीत घालून खाली आणले.

काकांचंही खरं होतं. दादासाहेब तोरण्यांचा 'पुंडलिक' गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी लागला, आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' वर्षभराने, ३ मे १९१३ रोजी, त्याच थिएटरात. फक्त 'पुंडलिक' म्हणजे चालू नाटकाचं चित्रीकरण, म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांकडे जातो. चूक माझ्या प्रश्नाची होती. त्यानंतर शिकलो ते पुढे मांडतो.

आधी प्रश्न कमी करा

दोन तासांना पंधरा प्रश्न पुष्कळ झाले. प्रत्येक प्रश्न लिहिल्यावर स्वतःला विचारा: उत्तर आल्यावर कुणी 'अहो, आमच्याकडे तर...' म्हणून तोंड उघडेल का? नसेल तर काट मारा. 'मुंबई दूरदर्शन कोणत्या साली सुरू झालं?' हा प्रश्न मेलेला आहे. त्याऐवजी विचारा, 'तुमच्या चाळीत पहिला टीव्ही कुणाकडे आला, आणि तिथे बसायला जागा मिळावी म्हणून तुम्ही काय करायचात?' मग बघा. एक काकू शनिवारच्या मराठी सिनेमासाठी शेजारणीची भाजी निवडून द्यायच्या. एक आजोबा गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि खालून घरचे ओरडायचे, 'आलं, आलं... गेलं!' हे सगळं निघाल्यावर २ ऑक्टोबर १९७२ ही तारीख तुम्ही हळूच सांगून टाका, कुणाला परीक्षा दिल्यासारखं वाटत नाही. आणि कुणी 'मी मुंबईत १९७० सालीच टीव्हीवर पाहिलंय' असं ठासून म्हणालं तर तिथेच खोडून काढू नका. वर्ष चुकलं असलं तरी शेजारणीची भाजी खरी असते.

'पहिला' हा शब्द दिसला की थांबा

पहिला, एकमेव, सर्वात जास्त. भांडणं इथेच होतात. 'पहिला रंगीत चित्रपट' विचारलात तर कोल्हापूर-पुण्याची माणसं प्रभात फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री'चं (१९३३) नाव घेणार, आणि दुसरा कुणीतरी 'किसान कन्या' (१९३७) म्हणणार. 'सैरंध्री'वरची रंगांची प्रक्रिया जर्मनीत झाली, 'किसान कन्या'ची इथेच. म्हणजे प्रश्नात 'भारतातच प्रक्रिया झालेला' हे तीन शब्द घातले की वाद मिटतो. खरं तर वादच हवा असेल तर ते शब्द मुद्दाम वगळा, पण दूध गरम ठेवायला शेगडी वर न्या.

उत्तर दोन ठिकाणी तपासा

फॉरवर्ड आलेल्या मजकुरावर विसंबू नका. सिनेमाची नामावली थांबवून वाचा, घरात तबकडी किंवा कॅसेट असेल तर तिच्या आतला कागद बघा. गीतकार-संगीतकारांच्या नावांत सर्वात जास्त गफलत होते, आणि नेमके तिथेच खेळाचे हुकमी एक्के सापडतात.

माझा लाडका प्रश्न असा: 'खालीलपैकी संताचा अभंग कोणता?' पर्याय तीन. 'इंद्रायणी काठी', 'कानडा राजा पंढरीचा', 'आधी बीज एकले'. गच्चीवर एकदम कालवा. कुणी ज्ञानोबा म्हणतं, कुणी तुकोबा. उत्तर: एकही नाही. पहिली दोन गदिमांची आहेत. 'इंद्रायणी काठी' हे १९५३च्या 'गुळाचा गणपती'तलं, चाल पु.लं.ची, आवाज भीमसेन जोशींचा. त्या सिनेमाला 'सबकुछ पु. ल.' म्हणायची पद्धत आहे, तरी हे गाणं गदिमांचं, एवढं सांगितलं की पु.ल.भक्त जरा चुळबुळतात. 'कानडा राजा' हे 'झाला महार पंढरीनाथ'मधलं, सुधीर फडके आणि वसंतराव देशपांडे यांनी गायलेलं. आणि 'आधी बीज एकले' लिहिलं शांताराम आठवल्यांनी, प्रभातच्या १९३६च्या 'संत तुकाराम'साठी. ते इतकं बेमालूम उतरलं की लोक ते गाथेत शोधत बसले. आमच्याकडे हरिपाठाला जाणाऱ्या एक आजी हे ऐकून बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, 'मी तीस वर्षं तुकोबांचा म्हणूनच म्हणतेय.' पुन्हा म्हणाल्या, 'आता काय बदलणार!'

उत्तराकडे तीन पायऱ्यांनी या

एका दमात विचारलेला प्रश्न एक तर पटकन सुटतो, नाही तर पडतो. खुणा अवघडाकडून सोप्याकडे द्या, आणि गुण पाच, तीन, एक असे उतरते ठेवा. नमुना बघा. पहिली खूण: 'ही नायिका आधी हॉटेलात काम करायची.' दुसरी: '१९१७च्या एका सिनेमात तिने राम आणि सीता, दोघांच्याही भूमिका केल्या.' तिसरी: 'ती बाई नव्हतीच.' उत्तर अण्णा साळुंके, 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती. सिनेमात काम करायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी पुरुष उभा केला. दुसऱ्या खुणेतला सिनेमा म्हणजे 'लंका दहन'. लहान मुलं या प्रश्नाला सर्वात जास्त हसतात.

याच रीतीने 'आनंदघन' करून बघा. 'साधी माणसं'चे हे संगीतकार कोण, हे विचारताना शेवटची खूण 'यांचा आवाज तुम्ही आजही ऐकलाय' अशी ठेवा. लता मंगेशकर हे उत्तर पन्नाशीच्या पुढच्यांना ठाऊक असतं, तिशीतल्यांना धक्का बसतो.

गट वयाने मिसळा, फोन टोपलीत

आजोबा, सून आणि नववीतला नातू एका गटात हवेत. साठीचे सगळे एकीकडे गेले की खेळ संपलाच. फोन गोळा करा, एक मात्र राहू द्या, आवाज ऐकवायला.

कारण आवाजाची फेरी हवीच. आकाशवाणीची सकाळची संकेतधून दहा सेकंद लावा. ती वॉल्टर कॉफमन या युरोपातून मुंबईला आलेल्या संगीतकाराच्या नावावर आहे, हे नंतर. धून वाजताच लोक बंब, दाढीचं पाणी आणि शाळेची घाई यांवर बोलू लागतात. मग रेडिओचा दुसरा प्रश्न टाका: 'हिंदी सिनेमाची गाणी ऐकायला आपल्या घरांतली सुई रेडिओ सिलोनवर का गेली?' १९५२ साली केंद्रात नभोवाणी खातं सांभाळायला आलेल्या बाळकृष्ण केसकरांना फिल्मी गाणी नापसंत होती, ती आकाशवाणीवरून हद्दपार झाली, आणि त्याच वर्षी सिलोनवर अमीन सयानींची गीतमाला सुरू झाली. आकाशवाणीला शुद्ध येऊन विविध भारती निघाली ती ३ ऑक्टोबर १९५७ला. केसकर आपले मराठी, हे सांगितल्यावर गच्चीवर थोडी शांतता पसरते.

गुण विसरले तर विसरू द्या

कुणाचा किस्सा रंगला की पुढचा प्रश्न खिशात ठेवा. एखाद्या मुलाला, सांगणाऱ्याला विचारून, फोनवर आवाज टिपायला बसवा. गेल्या वर्षी आमचे सातच प्रश्न झाले. आठवा होता दूरदर्शनच्या 'चिमणराव-गुंड्याभाऊ' मालिकेतल्या नटांवरचा. दिलीप प्रभावळकरांचं नाव लगेच आलं, गुंड्याभाऊचं मात्र कुणालाच सुचेना. साडेबाराला सगळे खाली उतरले. मी भांडी घासत होतो तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचं दार उघडल्याचा आवाज आला आणि जिन्यातून हाक आली, 'बाळ कर्वे! अहो, बाळ कर्वे!'