हरण्यावर काम करायचंय? आधी बांध बघा

एमएस्सीला प्लांट पॅथॉलॉजी घेतलं आणि टॉपिक मिळाला केळीवरचा सीएमव्ही, म्हणजे कुकुंबर मोझॅक व्हायरस, जळगाव-रावेरकडे ज्याला हरण्या म्हणतात तो, मावा किडीमुळे पसरणारा. पहिल्याच व्हिजिटला दिवसभर भिंग घेऊन केळीच्या पोंग्यात मावा शोधला, एक पण दिसला नाही, मग वहीत छातीठोक लिहून टाकलं, "किडीचा प्रादुर्भाव नाही". सर वही बघून एवढंच म्हणाले, बांधावर गेला होतास का?

झालं असं होतं की केळीचा बंची टॉप (हा वेगळा व्हायरसचा रोग) पसरवणारा मावा केळीवरच राहतो आणि मी तेच डोक्यात धरून गेलेलो. हरण्याचं तसं नाही. कपाशी-काकडीवरचा मावा केळीवर संसार थाटत नाही, पंखवाला येतो, चव बघायला सोंड टोचतो, आवडलं नाही की उडतो. पण व्हायरस सोंडेच्या टोकाला चिकटलेला असतो, तेवढ्या काही सेकंदात काम होऊन जातं. म्हणून फवारणीचा उपयोग कमी, औषधाने मावा मरेपर्यंत टोचून झालेलं असतं. भेंडीच्या केवडा रोगात उलटं, पांढरी माशी बराच वेळ रस पिते, व्हायरस तिच्या अंगात फिरून लाळेत येतो आणि पुढे बरेच दिवस ती तो पसरवत राहते. हा फरक पक्का करा, व्हायव्हाला हमखास विचारतात.

सीएमव्हीला १२०० पेक्षा जास्त जातींच्या वनस्पती चालतात. मिरची, टोमॅटो, वेलवर्गीय पिकं आणि बांधावरचा केना, जो कधीकधी वरून एकदम ठणठणीत दिसतो. त्यामुळे सॅम्पल घेताना फक्त पिवळी पानं खुडू नका, हिरवंगार तण पण एलायझाला (व्हायरस ओळखायची लॅब टेस्ट) लावा. आणि तण काढायचा सल्ला द्यायचा तर लागवडीआधी, कारण पीक उभं असताना बांध साफ केला की तिथला मावा उडून सरळ पिकातच येतो ना.

लॅबमध्ये माव्याकडून व्हायरस निरोगी रोपावर सोडून बघायचा (ट्रान्समिशन) तर मावा तासभर उपाशी ठेवा, मग रोगट पानावर दोन-चार मिनिटं पुरे. उचलताना आधी ब्रशने हळूच डिवचा, सोंड काढून चालायला लागला की मगच उचला, मी सुरवातीला ओढून काढायचो, सोंडा तुटायच्या आणि ट्रान्समिशन शून्य, वर खापर व्हायरसवर 😅

तणांची नावं खुरपणीला येणाऱ्या बायकांना विचारा. माझ्या पहिल्या वहीत केना अजून "निळं फूल, नाव माहित नाही" असाच आहे.