दप्तर खाणीतून वर काढण्याआधी

जुने कागद खाणीत ठेवायचे आणि स्कॅन करायला वर काढायचे, तर काय सांभाळायचं ते सांगतो. जागेला कुलूप हवं, पहारा हवा, वीज जाता कामा नये, हे तुम्हाला कळतं. पुढे चला.

आधी दगड बघा. मिठाची खाण मुळातच कोरडी. इंग्लंडमध्ये विन्सफर्डला 150 मीटर खोल मिठाच्या खाणीत कागदपत्रं ठेवतात ती त्यामुळेच. चुनखडीत पाणी झिरपतं. तरी तिथेही जमतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या बॉयर्सला निवृत्त केंद्रीय कर्मचाऱ्यांचे कागद चुनखडीच्या जुन्या खाणीतच आहेत. फक्त ओलावा ओढणारी यंत्रं रात्रंदिवस चालू ठेवा, कारण आर्द्रता 65 टक्क्यांवर रेंगाळली की बुरशी धरते. खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर वर घ्या, मांडण्या भिंतीला टेकवू नका.

आता मी जे विसरलो ते. खालून आणलेला गठ्ठा लगेच उघडायचा नाही.

खर्च वाचवायला आम्ही स्कॅनर वर, जमिनीवरच्या खोलीत मांडले होते. खाली 14 अंश. वर 30 अंश, आर्द्रता 70 टक्के. अशा हवेचा दवबिंदू 24 अंशांच्या आसपास येतो, म्हणजे त्याहून थंड काहीही आणलं की त्यावर पाणी धरणारच. फ्रिजमधल्या बाटलीला घाम फुटतो, तसंच. मला हे शाळेपासून ठाऊक होतं, पण यादीत लिहिलं नव्हतं. पहिलाच गठ्ठा सोडला, कागद काचेवर ठेवला, काच धुरकटली. मी पुसली आणि पुढचा कागद घेतला! विसाव्या पानाशी जांभळा शिक्का शेजारच्या कागदावर उमटलेला दिसला. कॉपिंग पेन्सिलीतली टिपणी त्याहून वाईट: कोरडी असते तोवर करडी, ओल लागली की जांभळी होऊन पसरते. सही कोणाची, ते आता कुणालाच सांगता येणार नाही.

म्हणून खोकं खालीच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा. वर आणा आणि 24 तास हात लावू नका. पाणी धरलं तर पिशवीच्या बाहेरून धरू दे. जाड गठ्ठ्याला आणखी एक दिवस द्या. वरची पानं कोमट लागतात, मधली थंडगारच असतात, त्यामुळे बोटाने चाचपून ठरवू नका. साहेब आलेत, आकडा दाखवायचाय, तरीही उघडू नका. खोक्यावर ‘या वेळेआधी उघडू नये’ अशी चिठ्ठी लावा, तारीख आणि वेळ घालून. जमत असेल तर स्कॅनर खालीच न्या, कटकटच मिटली. जर्मनीत बार्बारास्टोलन नावाच्या बोगद्यात मायक्रोफिल्म, म्हणजे कागदपत्रांचे बारीक फोटो असलेली फिल्म, पोलादी पिंपांत बंद करतात, तीही आधी थंड, कोरड्या हवेत मुरवून मगच. ते घाई करत नाहीत, तुम्हीही करू नका.

परत खाली पाठवतानाही तेच. दमट खोलीत कागद ओल पितो आणि तीच ओल घेऊन खाली जातो. स्कॅनिंगची खोली 50 टक्क्यांच्या आत ठेवा.

टाचण्या काढा, पण ओढून नव्हे. गंजलेली टाचणी कागदाचा तुकडा घेऊनच निघते. सुट्या करण्याआधी पानांना क्रमांक घाला. पातळ दुय्यम प्रती स्कॅनरच्या फीडरमध्ये, म्हणजे कागद आपोआप ओढणाऱ्या भागात, घालू नका, सपाट काचेवर घ्या. पाठपोट स्कॅन करा, शेरे मागेच असतात. इंचाला 300 ठिपके, बारीक अक्षर असेल तर 400. नस्ती क्रमांक आणि स्कॅन केलेल्या फाइलचं नाव जुळवा. प्रती दोन, दोन वेगळ्या जागी. चेकसम, म्हणजे फाइल बदलली नाही ना हे तपासायचा आकडा, त्याच दिवशी काढा.

काढलेल्या गठ्ठ्याच्या जागी खूणपट्टी ठेवा. आणि पिशवी आधी खाली बांधायची, वर आणून नव्हे.